लहान बालकासाठी तीनचाकी सायकलीची निवड : एक शास्त्रीय विवेचन

सहायक प्राध्यापक, पदार्थविज्ञान विभाग

बीजसंज्ञा : तीनचाकी सायकल, गुरुत्वमध्य, आधारत्रिकोण, बालविकासाचे टप्पे, खेळण्यांची सुरक्षितता

प्रस्तावना

मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवण्याची प्रथा आपल्या मध्यमवर्गीय घरांत जुनी आहे. बाही दुमडता येते, खालची पट्टी दोन वर्षांनी सोडता येते आणि एकाच कापडात दोन वर्षे निघतात. ही काटकसर कपड्यांपुरती निर्विवाद शहाणपणाची आहे. परंतु हाच न्याय पालक तीनचाकी सायकलीस लावतात, दुकानदारही त्यास दुजोरा देतात, आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हाती तीन-चार वर्षांच्या मुलाची गाडी येते. सायकल दुमडता येत नाही. ती मोठी असली तर मुलाला स्वतःलाच तिच्याभोवती दुमडावे लागते, आणि त्यातून काय घडते याचा उलगडा यामिकीच्या अगदी प्राथमिक नियमांनी होतो. प्रस्तुत लेखात हा उलगडा करण्याचे योजिले आहे.

विषय महाविद्यालयीन नियतकालिकाच्या प्रतिष्ठेस साजेसा नाही असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखिकेसही दोन वर्षांपूर्वी तसेच वाटले असते. तिच्या मुलीसाठी, ती बावीस महिन्यांची असताना, अशीच वाढत्या अंगाची सायकल घरी आली. दोन महिन्यांच्या आत, सात वर्षांच्या भाच्याने प्रेमाने मागून ढकलत असताना, अंगणाच्या वळणावर ती कलंडली. हनुवटीला दोन टाके पडले. घरातील सर्वांनी भाच्याला रागे भरले. लेखिकेने मात्र त्या रात्री मोजपट्टी घेऊन सायकल मोजली, आणि दोष भाच्याचा नसून निवडीचा, म्हणजे तिचा स्वतःचा, होता या निर्णयाप्रत ती आली. पुढील विवेचनातील बहुतेक आकडे त्या मोजमापातील आहेत.

वय आणि क्षमता

खोक्यावर छापलेले वय हा पालकांचा पहिला आधार असतो आणि तोच सर्वांत कच्चा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील मुलांच्या पाहणीतून (त्यांत दिल्लीतील मुलांचाही समावेश होता) २००६ साली शारीरिक हालचालींच्या टप्प्यांचे निकष प्रसिद्ध केले. त्यांनुसार आधाराविना चालू लागण्याची सर्वसाधारण मर्यादा ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेली आहे. म्हणजे दोन निरोगी मुलांमध्ये चालण्याच्या बाबतीत नऊ महिन्यांचे अंतर असू शकते. पॅडल मारणे ही तर याहून गुंतागुंतीची क्रिया आहे. बालरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तीनचाकी सायकल चालविणे हा तीन वर्षांच्या वयाचा टप्पा म्हणून दिलेला असतो. तरीही बाजारात पॅडल असलेल्या गाडीवर 'एक वर्षापासून पुढे' असे सर्रास लिहिलेले आढळते. त्या वयात मूल त्या गाडीवर बसू शकते एवढाच त्याचा अर्थ. ते ती चालवू शकेल असा अर्थ त्यातून काढणे ही पालकांची चूक होय.

या चुकीची किंमत केवळ आर्थिक नसते. दोन वर्षांचे मूल पॅडलवर पाय ठेवून नुसते बसून राहते, किंवा दोन्ही पाय एकाच वेळी दाबते आणि गाडी जागची हलत नाही. त्यात त्याचा काही दोष नाही, कारण एक पाय दाबताना दुसरा सैल सोडणे हे अजून त्याच्या मज्जासंस्थेस अंगवळणी पडलेले नसते. घरात मात्र 'शेजारच्याचा मुलगा चालवतो, हिला काय झाले' अशी कुजबुज सुरू होते. ती प्रस्तुत लेखिकेनेही ऐकली, आणि काही आठवडे तिच्यावर विश्वासही ठेवला. मूल १८ महिन्यांचे होऊनही आधाराविना चालत नसेल तर बालरोगतज्ज्ञांस अवश्य दाखवावे. अडीचाव्या वर्षी पॅडल न मारणे हे त्या कोटीतले लक्षण नाही.

मग दीड ते अडीच वर्षांच्या मुलाला चाकांची गाडी द्यावीच काय? द्यावी. या वयातील मुलासाठी पॅडल नसलेली, पायांनी जमीन रेटून पुढे नेण्याची बुटकी गाडी अधिक योग्य ठरते. आपल्याकडील पांगुळगाडा हाही मुळात तीन चाकांचाच. त्यात मूल गाडीच्या मागे उभे राहून, स्वतःच्या पायांवर भार देऊन ती ढकलते. आत बसवून पाय लोंबकळत ठेवणारा आधुनिक गोल वॉकर ही निराळी वस्तू आहे. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. दोन्हींना चाके आहेत म्हणून दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत.

मोजमाप : मुलाचे आणि गाडीचे

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढमानकांनुसार दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची मध्यम उंची ८७.१ सें.मी. व मुलीची ८५.७ सें.मी. असते. तीन वर्षांनंतर हेच आकडे अनुक्रमे ९६.१ व ९५.१ सें.मी. होतात. एका वर्षात नऊ सेंटिमीटर वा त्याहून अधिक वाढ, आणि तिचा मोठा भाग पायांच्या लांबीत, ही बाब सायकलीच्या दृष्टीने निर्णायक आहे. म्हणून वयापेक्षा पायाचे माप घ्यावे. मुलाला अनवाणी भिंतीशी उभे करावे, दोन पायांच्या मध्ये एक पातळ पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे धरून वर टेकवावे व जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. लेखिकेच्या मुलीची उंची त्या वेळी ८४ सें.मी. होती व हे अंतर ३३ सें.मी. भरले.

आता गाडीकडे वळू. दोन अंतरे पाहावयाची. पहिले, बैठकीची जमिनीपासून उंची. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत, कारण मूल चढते-उतरते तेव्हा त्याला सावरणारे तेवढेच साधन असते. दुसरे, बैठकीच्या मध्यापासून पॅडल सर्वाधिक दूर गेले असता त्याच्यापर्यंतचे अंतर. हे अंतर मुलाच्या पायाच्या वरील मापापेक्षा थोडे कमी असावे, म्हणजे त्या स्थितीतही गुडघा किंचित वाकलेला राहतो. आमच्या सायकलीत हे दुसरे अंतर ४१ सें.मी. निघाले. बसून तेथवर पाय पोहोचणे मुलीला शक्यच नव्हते. ती काय करीत होती हे तेव्हा ध्यानात आले : ती बैठकीच्या पुढच्या कडेवर सरकत होती, पाठीचा टेका सोडत होती आणि तोल राखण्यासाठी हँडलवर ओणवी होत होती. बैठक पुढे-मागे सरकविण्याची सोय असलेली गाडी थोडी महाग पडली तरी घ्यावी, असे लेखिकेचे स्पष्ट मत याच अनुभवावरून बनले आहे.

आधारत्रिकोण व कलंडण्याचे गणित

तीन चाके जमिनीस जेथे टेकतात ते तीन बिंदू जोडले असता एक त्रिकोण तयार होतो. त्याला येथे आधारत्रिकोण म्हणू. मूल व गाडी यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या त्रिकोणाच्या आत पडतो तोवर स्थिर गाडी उभी राहते. तीन पायांची घडवंची डगमगत नाही हे आपण जाणतोच. परंतु न डगमगणे आणि न कलंडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तीन पाय खडबडीत जमिनीवरही टेकतात म्हणून घडवंची डगमगत नाही, पण तिचा आधार चौकोनाऐवजी त्रिकोणाचा असल्याने ती एका बाजूस लवकर आडवी होते. तीनचाकी सायकलीचेही असेच आहे. पुढे एक चाक असल्याने त्रिकोण पुढच्या बाजूस निमुळता होत जातो. मूल मागच्या आसाजवळ बसले तर दोन्ही बाजूंस रुंद आधार मिळतो, पुढे सरकले की तो अरुंद होतो.

आमच्या सायकलीत पुढचे चाक आणि मागचा आस यांतील अंतर ४५ सें.मी. व मागील दोन चाकांतील अंतर ४० सें.मी. होते. ११ किलोग्रॅमची मुलगी पाठ टेकून बसली असता एकत्रित गुरुत्वमध्य मागील आसाच्या पुढे सुमारे १५ सें.मी. व जमिनीपासून सुमारे ४० सें.मी. उंचीवर येतो असे धरू. त्या ठिकाणी आधारत्रिकोणाची अर्धी रुंदी २० × ३० ÷ ४५ म्हणजे १३.३ सें.मी. भरते. वळणावर बाहेरच्या बाजूस जाणवणारा जोर हा गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत १३.३ ÷ ४० म्हणजे सुमारे एकतृतीयांशाहून अधिक झाला की आतले चाक उचलले जाते. एक मीटर त्रिज्येच्या वळणासाठी ही मर्यादा सेकंदाला १.८ मीटर, म्हणजे ताशी ६.५ किलोमीटर येते. प्रौढ माणसाच्या झपाट्याच्या चालीहून ती फारशी अधिक नाही.

आता तीच मुलगी पॅडल गाठण्यासाठी पुढे सरकून ओणवी झाली, आणि त्यामुळे एकत्रित गुरुत्वमध्य ७ सें.मी. पुढे गेला असे समजा. अर्धी रुंदी १०.२ सें.मी. वर येते आणि मर्यादा ताशी ५.७ किलोमीटरवर. धावत ढकलणाऱ्या सात वर्षांच्या मुलाचा वेग याहून कितीतरी अधिक असतो. त्याने वळणावर वेग कमी करावा अशी अपेक्षा त्या वयाकडून करता येत नाही. गाडी मुलीच्या मापाची असती तर ती त्या दिवशी कलंडलीच नसती असे म्हणण्याचे धाडस लेखिका करणार नाही. मात्र मोठी गाडी घेऊन आपण जी अधिक सुरक्षितता विकत घेतली असे मानत होतो, ती प्रत्यक्षात कमी झाली होती, हे गणित निर्विवादपणे दाखविते.

यात एक गमतीची बाब आहे. पुढचे चाकच पॅडलने फिरते. त्यावर जितका भार अधिक तितकी त्याची जमिनीवरील पकड अधिक. पाठ टेकून बसल्यास त्या चाकावर एकूण भाराचा केवळ एकतृतीयांश येतो, आणि कडक प्लॅस्टिकचे चाक गुळगुळीत शहाबादी फरशीवर जागच्या जागी फिरते. पुढे सरकल्यास जवळजवळ निम्मा भार पुढे येतो व गाडी झटक्यात चालू लागते. म्हणजे चुकीच्या बैठकीचे बक्षीस मुलाला तत्काळ मिळते आणि शिक्षा पुढच्या वळणावर. उपाय बैठक पुढे घेण्यात नाही, चाक बदलण्यात आहे. रबराचे अथवा मऊ फोमचे आवरण असलेले चाक फरशीवर पकड घेते, आवाजही कमी करते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांस हा दुसरा गुण अधिक मोलाचा वाटेल.

मागच्या बाजूसही थोडे पाहिले पाहिजे. पुष्कळ गाड्यांना मागे उभे राहण्यासाठी पायरी असते. २० किलोग्रॅमचे भावंड मागील आसाच्या १० सें.मी. मागे त्या पायरीवर उभे राहिले तर १६ किलोग्रॅमची (मूल ११ व गाडी ५) गाडी आणि ते भावंड यांचा एकत्रित गुरुत्वमध्य आसाच्या पुढे अवघा एक सेंटिमीटर उरतो. त्याने हँडल धरून अंग मागे टाकताच पुढचे चाक हवेत जाते. घरात मोठे भावंड असेल तर पायरी नसलेली गाडी निवडावी.

पॅडल, चाक आणि हँडल

तीनचाकीस साखळी नसते. पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. २५ सें.मी. व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे ७९ सें.मी. अंतर कापते. दुकानात 'मोठे चाक चांगले' असे सांगितले जाते. मोठे चाक खड्ड्यांतून सहज जाते हे खरे, पण क्रँकची लांबी तीच असता चाक जितके मोठे तितका पायावर जोर अधिक पडतो. २५ सें.मी. चे चाक व ८ सें.मी. चा क्रँक असेल तर चाकाच्या कडेवर लागणाऱ्या जोराच्या दीडपटीहून अधिक जोर पॅडलवर द्यावा लागतो. वीस मीटरला एक मीटर एवढ्या सौम्य चढावरही १६ किलोग्रॅमच्या गाडीसाठी केवळ चढापायी सव्वा किलोग्रॅम भाराइतका जोर येतो, जमिनीचे घर्षण वेगळे. हा जोर मूल खाली न देता पुढे देते, म्हणून मागे पाठ रेटण्यास टेका हवा. टेका ही चैनीची बाब नाही, तो यंत्राचाच एक भाग आहे.

पॅडल व हँडल एकाच चाकाशी निगडित असल्याने एक निराळी अडचण उद्भवते. उजवे पॅडल पुढे रेटले की चाक डावीकडे वळू पाहते, डावे रेटले की उजवीकडे. नवशिक्या मुलाची गाडी नागमोडी जाते ती यामुळे. पॅडल चाकापासून जितके बाहेर, तितकी ही ओढ अधिक. शिवाय हँडल फार वळले तर बाहेरचे पॅडल पायापासून दूर जाते व आतले गुडघ्यात येते. हँडल ठराविक मर्यादेपलीकडे वळू न देणारा अडसर असलेली गाडी त्यामुळे बरी.

पॅडल थेट चाकाला जोडलेले असल्याने ते थांबविले की चाक थांबते, म्हणजे पॅडल हाच ब्रेक. गाडी उतारावर सुटली, किंवा पालकाने मागच्या दांड्याने ढकलली, की हीच जोडणी उलटते. सेकंदाला एक मीटर या साध्या चालीनेही वरील चाकाचे पॅडल मिनिटाला ७५ हून अधिक फेरे घेते. मुलाचा पाय त्यावरून निसटला की फिरते पॅडल नडगीवर आदळते, किंवा पाय चाकाखाली जातो. म्हणून ढकलण्याचा दांडा असलेल्या गाडीत दोन गोष्टी अनिवार्य समजाव्यात : पॅडल चाकापासून सुटे करणारी कळ, आणि पाय ठेवण्यासाठी घडी होणारी पट्टी. दांड्याने पुढचे चाक वळविता येते काय हेही दुकानातच तपासावे. नुसता मागच्या चौकटीला जोडलेला दांडा वळणावर गाडी उचलण्यास भाग पाडतो.

मानके व चिन्हे

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला व १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांस भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या वस्तूंस त्यातून सूट आहे. खेळण्यांचे मुख्य मानक आयएस ९८७३ हे असून त्याच्या पहिल्या भागात यांत्रिक व भौतिक सुरक्षिततेचा विचार केलेला आहे. चिन्हासोबत परवान्याचा क्रमांक असतो. तो ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर घालून पडताळता येतो. चिन्ह छापणे सोपे आहे, म्हणून पडताळणी करावीच.

मानकातील एक तरतूद घरी तपासण्याजोगी आहे. चाक व मडगार्ड यांसारख्या भागांमधील फटीत ५ मि.मी. जाडीची कांडी जात असेल तर १२ मि.मी. जाडीचीही गेली पाहिजे. म्हणजे फट एक तर बालकाचे बोट शिरणार नाही इतकी अरुंद हवी, किंवा शिरलेले बोट अडकणार नाही इतकी रुंद. आपल्या व्यवसायात यासाठी उपकरण खिशातच असते. वर्गातील खडू फटीत शिरतो पण आपला अंगठा शिरत नाही, तर ती फट संशयास्पद मानावी. हँडलवरील घंटी, झालरी, स्टिकर यांकडेही त्याच नजरेने पाहावे. मानकातील ३१.७ मि.मी. व्यासाच्या छोट्या नळकांड्यात जो सुटा भाग पूर्णपणे मावतो तो तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतो.

नातेवाइकांकडून आलेली जुनी लोखंडी सायकल अनेक घरांत वापरली जाते व तिची घट्ट जोडणी पाहता ती वाईटही नसते. प्रश्न रंगाचा असतो. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरविणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले व २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलात आले. त्यापूर्वी रंगविलेल्या गाडीचा रंग पोपडे धरत असेल तर ती तशीच मुलाच्या हाती देऊ नये. घरी खरवडूही नये, कारण त्याची धूळ अधिक घातक ठरते. हँडलच्या टोकाची रबरी मूठ नसेल तर नवी बसवावी, उघडी नळी पडताना भोसकते.

वापराची जागा

अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील नोंदींवरून २०१२ व २०१३ या दोन वर्षांसाठी काढलेला अंदाज असा की तीनचाकीमुळे झालेल्या ९ हजारांहून अधिक दुखापतींवर तेथे उपचार झाले. त्यांत डोके व चेहऱ्याच्या जखमा ठळक होत्या, आणि मोडलेल्या हाडांत कोपराचा क्रमांक वरचा होता. आपल्याकडे हेल्मेट हा शब्द तीनचाकीच्या संदर्भात हसण्यावारी नेला जातो. लेखिकेनेही नेला होता. डोक्याच्या मापाचे हेल्मेट पहिल्या दिवसापासून घातले तर मूल त्यास गाडीचाच भाग समजते. चार वर्षांच्या मुलाला ते नव्याने घालावयास लावणे हे काम किती अवघड आहे, हे ज्यांनी केले त्यांसच ठाऊक.

जागा सपाट असावी, जिना, विहीर, पाण्याचा हौद व वाहनांचा रस्ता यांपासून दूर असावी. वाहनतळातील उतार धोक्याचा. तेथे मागे येणाऱ्या मोटारीच्या चालकास बुटकी गाडी आरशात दिसत नाही. अशा ठिकाणी गाडीला मागे उंच काठीवर पताका लावलेली बरी, पण खरे तर तेथे खेळूच देऊ नये.

आमची मोठी सायकल वर्षभर माळ्यावर ठेवली. दरम्यान एका सहकाऱ्याच्या घरची लहान, पॅडल नसलेली गाडी उसनी आणली आणि ती मुलीने पायांनी रेटत अंगणभर फिरविली. तीन वर्षे दोन महिन्यांची असताना माळ्यावरची सायकल खाली काढली तेव्हा तिच्या पायाचे माप ४० सें.मी. भरले होते. बैठक एक छिद्र पुढे घेऊन दूरच्या पॅडलपर्यंतचे अंतर ३८ सें.मी. वर आणले. कोणी न शिकविता तिसऱ्या दिवशी ती पॅडल मारू लागली, आणि वळणावर आपण होऊन थांबत होती. आता गुडघे हँडलला लागू लागले आहेत. ते लागू लागले की बैठक मागे घ्यावयाची, ती मागे जाईनाशी झाली की गाडी पुढच्या बालकाकडे जाऊ द्यावयाची. जाताना आस, खिळे व बैठकीचे स्क्रू तपासून, आणि मागची पायरी काढून.